चोवीस पंप, एकच चित्र: स्काडाच्या पडद्यावरचं ‘ग्लोबल ऑब्जेक्ट’ म्हणजे काय?

पावसाळ्यात गोव्यातल्या वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेच्या ओळी हमखास दिसतात. एक बातमीत: वीज गेल्याने किंवा पंप बंद पडल्याने अमुक तालुक्यात पाणीपुरवठा मर्यादित. दुसरी निविदेच्या बारीक अक्षरांत: ‘पीएलसी व स्काडा प्रणाली पुरवणे, बसवणे व कार्यान्वित करणे’. पहिली ओळ नळ उघडला की कळते. दुसरीतले पैसे नक्की कशावर खर्च होतात, हे मात्र ती मंजूर करणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं. त्यातला एक भाग जातो कंट्रोल रूममधल्या पडद्यांवर, आणि ते पडदे पुढची पंधरा वर्षं सांभाळणं सोपं जाईल की डोकेदुखी ठरेल, हे ज्या गोष्टीवर ठरतं तिच्याबद्दल, म्हणजे ग्लोबल ऑब्जेक्टबद्दल, हा लेख आहे.

आधी पाच शब्द

पीएलसी हा पंपहाऊसमधल्या पॅनेलात बसवलेला छोटा, दणकट संगणक. टाकीची पातळी, दाब, मोटरचा करंट तो वाचतो आणि पंप चालू-बंद करतो. त्याच्या स्मृतीतल्या प्रत्येक माहितीला नाव असतं. ते म्हणजे टॅग. ‘पंप १०१ चालू आहे का’ हा एक टॅग, ‘पंप १०१ चा करंट किती’ हा दुसरा. हे टॅग चित्ररूपात दाखवणारा आणि ऑपरेटरला बटणं देणारा पडदा म्हणजे एचएमआय. एका मशिनपाशी बसवलेला छोटा पॅनेल असेल तर त्याला एचएमआयच म्हणतात. दूरदूरची ठिकाणं एकत्र आणून नोंदी ठेवणारी मोठी व्यवस्था असेल तर तिला स्काडा म्हणतात. पाचवा शब्द फेसप्लेट: पडद्यावरच्या पंपावर क्लिक केलं की उघडणारी छोटी खिडकी. तिच्यात चालू, बंद, ऑटो, मॅन्युअल ही बटणं आणि बाकीचा तपशील असतो.

कॉपी-पेस्टने काय बिघडतं?

ओपा किंवा साळावलीसारखा एखादा जलशुद्धीकरण प्रकल्प डोळ्यांसमोर आणा. आकडे फक्त हिशेबासाठी घेऊ: जॅकवेलवर, म्हणजे नदी-धरणातून पाणी उचलायच्या विहिरीवर, ६ पंप, शुद्ध पाण्याचे १०, बॅकवॉश आणि रसायनांचे मिळून ८. एकूण २४. प्रत्येक पंपाचे किमान आठ टॅग: चालू, ट्रिप (बिघाडामुळे आपोआप बंद), ऑटो, लोकल (पंपापाशीच चालवणं), इंटरलॉक (पंप सुरू होऊ न देणारी सुरक्षेची अट), करंट, चालू तास, संपर्क. म्हणजे १९२ टॅग. प्रत्येक पंप दोन पडद्यांवर दिसतो, एकदा संपूर्ण प्रकल्पाच्या आराखड्यात आणि एकदा स्वतःच्या पंपहाऊसच्या पडद्यावर. म्हणजे ४८ चित्रं.

डिझाइन करणारा पहिला पंप मन लावून काढतो. मग त्याच्या प्रती काढतो आणि प्रत्येक प्रतीत जाऊन टॅग बदलत जातो. काम होतं, बिल निघतं. खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. जॅकवेल कंट्रोल रूमपासून दोन-तीन किलोमीटरवर. विजेच्या कडकडाटात रेडिओ लिंक तुटते आणि पडद्यावर सहाही पंप हिरवेच दिसत राहतात. पंप बंद पडलेले असतात. पडदा मात्र लिंक तुटण्याआधीची शेवटची खबर धरून बसलेला असतो.

हे होतं, कारण कंट्रोल रूममधला पडदा बऱ्याचदा थेट जॅकवेलच्या पीएलसीशी बोलत नाही. तो जवळच्या पीएलसीशी बोलतो आणि जवळचा पीएलसी दूरच्याकडून माहिती आणून स्वतःकडे ठेवतो. पडद्याचा जवळच्याशी संपर्क शाबूत असल्याने सॉफ्टवेअरला काहीच गैर वाटत नाही. उपाय जुना आणि सोपा आहे. दूरच्या पीएलसीत दर सेकंदाला बदलणारा एक आकडा ठेवायचा, ज्याला हार्टबीट म्हणतात. तो समजा दहा सेकंद बदलला नाही, तर चित्रातला हिरवा रंग काढून त्यावर आडव्या रेघा आणि ‘संपर्क नाही’ दाखवायचं.

पीएलसीत हे अर्ध्या तासाचं काम. पडद्यावर मात्र ४८ चित्रं एकेक उघडायची, प्रत्येकात रेघा टाकायच्या, प्रत्येकाला योग्य टॅग द्यायचा. त्यातली ४६ नीट होतात आणि दोन राहून जातात. कुठली दोन, ते पुढच्या पावसात कळतं.

चतुर्थीआधी चित्रशाळेत साच्यातून मूर्ती निघतात तसा हा प्रकार आहे. साचा कितीही सुबक असो, मूर्ती बाहेर आली की दोघांचा संबंध संपला. नंतर साच्यात सोंडेचा बाक सुधारला तर आधीच्या मूर्तींना त्याचा पत्ताही लागत नाही. ग्लोबल ऑब्जेक्ट हा असा साचा आहे, ज्याने प्रत्येक मूर्तीचा हात धरून ठेवलेला असतो. साचा बदलला की आधी निघालेल्या सगळ्या मूर्ती बदलतात.

मूळ एक, प्रतिरूपं अनेक

कल्पना नवी नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा प्रकाशलेखणीने चित्र काढायचा संगणकीय प्रोग्राम केला, त्यात ती होती: एक मूळ आकृती आणि तिच्याशी बांधलेली तिची अनेक रूपं. मूळ बदललं की रूपं बदलत. कारखान्यांच्या पडद्यांवर ही सोय रुळायला मात्र काही दशकं गेली.

रॉकवेल कंपनीच्या फॅक्टरीटॉक व्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये तिला ‘ग्लोबल ऑब्जेक्ट’ म्हणतात. मूळ चित्र म्हणजे बेस ऑब्जेक्ट. ते एका वेगळ्या फाइलमध्ये राहतं आणि ऑपरेटरला कधी दिसत नाही. ऑपरेटरच्या पडद्यावर असतं त्याचं प्रतिरूप, म्हणजे रेफरन्स ऑब्जेक्ट. प्रतिरूपाकडे स्वतःचं चित्र नसतं. आपलं मूळ कोणतं, पडद्यावर आपली जागा कुठली आणि आपण कोणता पंप दाखवायचा, एवढंच त्याला ठाऊक असतं.

तिसऱ्या गोष्टीसाठी पॅरामीटर लागतो. मूळ चित्रात टॅगच्या जागी ‘#१’, ‘#२’ असे रिकामे रकाने ठेवायचे आणि प्रत्येक प्रतिरूपात ते भरायचे.

करायचं कसं?

सुरुवात पडद्यावर नाही, पीएलसीत करायची. बहुतेक घोळ इथेच पेरला जातो. प्रत्येक पंपाची माहिती एकाच घडणीत बसवा. रॉकवेलच्या पीएलसीत याला यूडीटी म्हणतात: ‘पंप’ नावाचा एक प्रकार ठरवायचा, त्यात चालू, ट्रिप, करंट वगैरे आठ घटक ठरलेल्या नावांनी ठेवायचे आणि मग पी-१०१, पी-१०२ अशा चोवीस पंपांसाठी त्या प्रकाराचा एकेक टॅग करायचा. हे केलं नाही तर प्रत्येक प्रतिरूपात आठ रकाने भरावे लागतात. आराखड्यातल्या लहान चित्रांचं सोडा, फक्त पंपहाऊसच्या पडद्यांवरच १९२ नोंदी. यूडीटी असेल तर मूळ चित्रात ‘#१ चा चालू’, ‘#१ चा ट्रिप’ असं लिहिता येतं आणि प्रतिरूपात फक्त पी-१०१ चा टॅग भरायचा. १९२ च्या जागी २४.

त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सखालच्या ग्लोबल ऑब्जेक्ट्स या विभागात नवी फाइल उघडा. पंपाचं चित्र, अलार्मचा चौकोन, करंटचा आकडा, अवस्था दाखवणारा मजकूर आणि सगळ्यांवर फेसप्लेट उघडणारं अदृश्य बटण, एवढं काढून सगळ्यांचा एक गट करा. गटाला अर्थपूर्ण नाव द्या. सॉफ्टवेअर आपणहून ‘ग्रुप ७’ असं काहीतरी देतं आणि सहा महिन्यांनी ते कुणालाच कळत नाही. गटावर राइट क्लिक करून पॅरामीटरची व्याख्या भरा आणि वर्णनाच्या रकान्यात ‘पंप टॅग, यूडीटी प्रकार’ असं लिहा. हे वर्णन पुढे रकाना भरणाऱ्याला दिसतं, म्हणून ते कोरं सोडू नका. फाइल सेव्ह करा. मग तो गट कॉपी करून नेहमीच्या पडद्यावर पेस्ट करा. जे येईल ते प्रतिरूपच असेल. त्यावर राइट क्लिक करून पॅरामीटरच्या किमतीत टॅग निवडा.

फेसप्लेट हाही स्वतंत्र पडदाच, आणि तोही एकच काढायचा. बटणाने तो उघडताना त्याला तोच पॅरामीटर पुढे द्यायचा. चोवीस पंपांना चोवीस खिडक्या काढणारे अजून आहेत. कृपया त्यांच्यात सामील होऊ नका.

पंपाचा नंबर हाताने लिहू नका

या पद्धतीतली सगळ्यात घातक चूक अगदी साधी आहे. पी-१०१ चं प्रतिरूप कॉपी केलं, शेजारी पेस्ट केलं, खालचं लेबल बदलून ‘पी-१०२’ लिहिलं आणि पॅरामीटर बदलायचा राहिला. प्रतिरूपाची प्रत काढताना जुनी किंमत सोबत येतेच. आता पडदा दिसायला बिनचूक आहे. ऑपरेटर १०२ वर ‘चालू’ दाबतो आणि सुरू होतो १०१. तिथे कुणी फिटर पंपाची गळती रोखणारा ग्लँड बदलत बसला असेल, तर हा प्रश्न चित्रकलेचा राहत नाही. (अशा वेळी लोकल आयसोलेटर, म्हणजे पंपापाशी वीज तोडणारा स्विच, उघडून त्याला कुलूप आणि पाटी लावलेली असायलाच हवी. पण पडद्याने त्या कुलपाच्या भरवशावर बेफिकीर राहायचं कारण नाही.)

म्हणून लेबल हा चित्राचा स्थिर मजकूर ठेवायचा नाही. यूडीटीत नाव साठवणारा एक घटक ठेवा, पीएलसीत तो भरा आणि ऑब्जेक्टमधलं लेबल तिथूनच वाचू द्या. नाव आणि आकडे एकाच ठिकाणाहून आले की चूक लपत नाही: पॅरामीटर बदलायचा राहिला तर पडद्यावर दोनदा ‘पी-१०१’ दिसतं.

दुवा किती घट्ट ठेवायचा?

प्रतिरूपाच्या गुणधर्मांत काही दुवे वेगवेगळे जोडता-सोडता येतात. आकाराचा दुवा सोडला तर आराखड्यात पंप लहान आणि पंपहाऊसच्या पडद्यावर मोठा ठेवता येतो. चुकून जोडलेला राहिला, तर मूळ थोडं मोठं करताच आराखड्यातले पंप एकमेकांवर चढतात. रंग-हालचालीच्या दुव्याला तीन पर्याय असतात: जोडू नका, सूत्रांसह जोडा, सूत्रांशिवाय जोडा. पॅरामीटर वापरत असाल तर सूत्रांसहच जोडा. नाहीतर मुळातलं नवं सूत्र, म्हणजे आपली ती हार्टबीटची अट, प्रतिरूपांपर्यंत पोचणार नाही आणि तुम्ही मात्र पोचली असं धरून चालाल.

‘ब्रेक लिंक’ हा पर्यायही आहे. तो वापरला की प्रतिरूपाचं साधं चित्र होतं आणि ते मुळापासून कायमचं तुटतं. घाईत एका पंपाला वेगळा रंग हवा म्हणून कुणी ते करतं आणि पुढच्या सुधारणेत तो एक पंप मागे राहतो. मूळ चित्र पुसलं, तर प्रतिरूपांना दाखवायला काही उरत नाही. एका प्रकल्पाचे पडदे दुसऱ्यात नेताना ग्लोबल ऑब्जेक्टची फाइल न्यायची राहिली तरी तोच परिणाम.

आणखी एक गैरसमज. मूळ बदलून सेव्ह केलं म्हणजे ऑपरेटरच्या समोर लगेच बदलतं असं नाही. संगणकावर चालणाऱ्या आवृत्तीत आधीच उघडा असलेला पडदा बंद करून पुन्हा उघडावा लागतो. एचएमआय पॅनेलवर चालणाऱ्या आवृत्तीत तर नवी रनटाइम फाइल, म्हणजे पॅनेलवर प्रत्यक्ष चालणारी फाइल, बनवून ती पॅनेलवर चढवावी लागते. तोवर पॅनेलवर जुनंच चित्र.

सगळ्या पंपांना एकच ऑब्जेक्ट पुरेल का?

मोह तसाच होतो. एकाला स्टार-डेल्टा स्टार्टर, दुसऱ्याला मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, तिसरा सबमर्सिबल. मग एकाच ऑब्जेक्टमध्ये सगळं भरलं जातं: ड्राइव्ह असेल तर वेग दाखव, नसेल तर लपव, सबमर्सिबल असेल तर ओलाव्याचा अलार्म दाखव. पॅरामीटर बारा होतात आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. शिवाय लपवलेला भाग फुकट नसतो. एका ऑब्जेक्टमध्ये ४० हलते-बदलते भाग असतील, तर आराखड्यावरच्या २४ प्रतिरूपांचे ९६० होतात आणि दिसो वा न दिसो, सॉफ्टवेअरला ते तपासत राहावे लागतात. पडदा उघडायला चार सेकंद लागायला लागले की ऑपरेटर तो उघडायचाच टाळतो.

एक साधी कसोटी वापरता येते. पॅरामीटर ‘कोणता पंप’ हे सांगत असेल तर तो योग्य. ‘कसा दिसू’ हे सांगणारे दोन-तीन पॅरामीटर जमले की दुसरं ऑब्जेक्ट काढायची वेळ आली. अशा प्रकल्पाला पंपांची तीन, व्हॉल्व्हची दोन, टाकीचं एक आणि मापाच्या आकड्याचं एक, एवढी ऑब्जेक्ट बहुधा पुरतात. जे एकदाच येतं, समजा क्लॅरिफ्लॉक्युलेटर या गाळ बसवायच्या टाकीवरचा फिरता पूल, ते साधं चित्रच राहू द्या. दोन पंपांची सोसायटीची टाकी असेल तर तिथेही या सगळ्याची गरज नाही.

एका चुकीने चोवीसही पंप आंधळे होतील, त्याचं काय?

आक्षेप खरा आहे. मूळ चित्रात ‘ट्रिप’च्या जागी चुकून ‘ऑटो’चा टॅग पडला, तर चोवीसही पंप एकदम खोटं बोलतील. पण कॉपी-पेस्टमधली चूक एखाद्या कोपऱ्यात वर्षभर लपून राहते. मूळ चित्रातली चूक पहिल्या पाळीतच सगळ्यांना दिसते. म्हणून ती कंट्रोल रूमपर्यंत जाऊच न देणं हाच उपाय. एक चाचणी-पडदा ठेवा, जो ऑपरेटरच्या मेन्यूत नसेल. त्यावर एकाच ऑब्जेक्टची सहा-सात प्रतिरूपं ठेवा आणि त्यांना पीएलसीतले खोटे पंप जोडा: एक कायम चालू, एक बंद, एक ट्रिप, एक लोकलवर, एक संपर्क तुटलेला, एक ट्रिप आणि संपर्क तुटलेला दोन्ही. शेवटचा मुद्दाम, कारण दोन अवस्था एकत्र आल्या की कोणती वर दिसावी हे बहुतेकांनी ठरवलेलंच नसतं. मूळ बदललं की आधी हा पडदा बघायचा, जुन्या फाइलची तारखेसह प्रत ठेवायची आणि मगच बदल पुढे न्यायचा.

वेर्णा, कुंडईच्या औषध कारखान्यांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. अमेरिकेला औषधं निर्यात करायची तर तिथल्या औषध नियामकाच्या १९९७ च्या ‘भाग ११’ नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची व्यवस्था प्रमाणित करून ठेवावी लागते आणि प्रत्येक बदलाचा कागद लागतो. इथे ग्लोबल ऑब्जेक्ट दुधारी आहे. पहिल्या वेळी श्रम वाचतात: ऑब्जेक्ट सर्व अवस्थांत एकदा कसून तपासायचं आणि प्रत्येक प्रतिरूपात फक्त योग्य टॅग जोडला आहे का ते बघायचं. नंतर मात्र मुळातली एक रेघ हलवली, तरी ती जिथे जिथे आहे त्या सगळ्या पडद्यांचा परिणाम कागदावर लिहावा लागतो. म्हणून कोणतं ऑब्जेक्ट कोणत्या पडद्यावर किती वेळा आलं, याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून ती करायला बसलं की दिवस जातात.

हिरवा म्हणजे चालू, हे तरी नक्की ना?

नाही. आपल्याकडच्या एचटी (उच्च दाबाच्या विजेच्या) पॅनेलवर आणि बऱ्याच स्टार्टर पॅनेलवर लाल दिवा म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. पडदे काढणारे बहुधा उलट धरतात. एकाच पंपहाऊसमध्ये पॅनेलवर लाल आणि पडद्यावर हिरवा, दोन्हींचा अर्थ ‘चालू’, हे सर्रास दिसतं. त्यातून लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे पुरुष कमी नाहीत.

कारखान्यांच्या पडद्यांसाठी २०१५ साली आलेलं आयएसए-१०१ हे मानक रंग जपून वापरायला आणि एकट्या रंगावर अर्थ न सोपवायला सांगतं. त्या धर्तीवर काढलेल्या पडद्यांवर सगळं करड्या छटांत असतं, चालू-बंद हे छटेने आणि शब्दाने कळतं, आणि ठसठशीत रंग अलार्मपुरता राखलेला असतो. ऑपरेटरांना सुरुवातीला असा पडदा मेलेला वाटतो. त्यांची तक्रार ऐकायला हवी. पण रंगांचं धोरण मूळ ऑब्जेक्टमध्ये असेल तर महिनाभर वापरून मत बदलणं परवडतं. मराठी लेबलांचंही तेच. ‘ट्रिप’, ‘लोकल’, ‘संपर्क नाही’ हे शब्द मूळ ऑब्जेक्टमध्ये एकदा लिहिले की झालं. फक्त जुन्या एचएमआय पॅनेलवर देवनागरी फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात, म्हणून आधी प्रत्यक्ष पॅनेलवर बघा.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर?

नावं बदलतात, हिशेब तोच. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये फेसप्लेट हा लायब्ररीतला ‘टाइप’ असतो. त्याच्या आवृत्त्या राहतात आणि नवी आवृत्ती ‘रिलीज’ केल्याशिवाय वापरात येत नाही. ही शिस्त सक्तीची आहे आणि चांगली आहे. अविवाच्या सिस्टम प्लॅटफॉर्ममध्ये चित्र थेट उपकरणाच्या टेम्प्लेटलाच जोडता येतं. इग्निशनमध्ये टेम्प्लेट किंवा व्ह्यूला यूडीटीचा पत्ता पॅरामीटर म्हणून देतात.

ठेकेदार गेला, आता?

खात्याने किंवा कारखान्याने पैसे मोजले, पडदे छान चालले आणि तीन वर्षांनी पंचविसावा पंप आला. नव्या ठेकेदाराला जुनी फाइल दिली आणि तो म्हणाला, ‘ही उघडत नाही.’ पॅनेलवर चालते ती रनटाइम फाइल, आणि ती बनवताना तिचं पुन्हा संपादनयोग्य फाइलमध्ये रूपांतर होऊ द्यायचं की नाही हे ठरवता येतं. ‘नाही’ निवडलं असेल किंवा पासवर्ड लावला असेल, तर ग्लोबल ऑब्जेक्ट कितीही सुंदर असो, तुमच्या हाती लागत नाही. सगळं पुन्हा काढावं लागतं.

म्हणून निविदेतच लिहायचं: पूर्ण प्रकल्पाची अर्काइव्ह फाइल, ग्लोबल ऑब्जेक्टच्या फाइली, वर्णनासह पीएलसी प्रोग्राम, प्रत्येक ऑब्जेक्टचे पॅरामीटर सांगणारं एक पान आणि सगळे पासवर्ड. आणि शेवटचं बिल काढण्यापूर्वी ठेकेदाराला त्या अर्काइव्हमधूनच, खात्याच्या संगणकावर, एक खोटा पंचविसावा पंप जोडून दाखवायला सांगायचं. वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर बिल थांबवून कारण विचारावं.